कव, डोल आणि वाहते जाळे

कव म्हणजे डोल जाळी बांधण्यासाठी समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांची किंवा सुसांची रांग. त्या रांगेची ठरलेली जागाही याच नावाने ओळखली जाते. डहाणूपासून मुरूड-जंजिऱ्यापर्यंतच्या अनेक कोळीवाड्यांचा संसार या रांगांवर उभा राहिला. एकाच पाण्यात अनेकांचे दोर, जाळी आणि गळ उतरले की ते एकमेकांत अडकतात, माल जातो आणि भांडण उभे राहते. हा गुंता टाळण्याची जी रीत उत्तर कोकणात घडली, तिच्या केंद्रस्थानी कव आहे.

डोल हे शंकूच्या आकाराचे पिशवीजाळे. तोंडाशी जाळीची घरे मोठी असतात आणि शेवटाकडे, म्हणजे खोल्याकडे, ती बारीक होत जातात. मोठे डोल 50 मीटरांहूनही लांब भरते. त्याला ओढत नेत नाहीत. प्रवाहाकडे तोंड करून ते जागेवरच बांधतात आणि भरती-ओहोटीचे पाणी मासळी त्यात आणून घालते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही सारी डोलीची मासळी. जाळे धरून ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. खुंट म्हणजे एकाला एक जोडलेल्या सरळ लाकडांचा उंच खांब. तो तळात रोवलेला असतो आणि जाळ्याच्या तोंडाचे कोपरे दोन खुंटांना बांधतात. सूस म्हणजे लाकडाची मजबूत मेख. ती लांब दांड्याच्या साहाय्याने तळाच्या चिखलात खोल ठोकतात, तिला बांधलेला दोर वर येतो आणि तोंडाची वरची बाजू पिंपांनी तरंगत ठेवतात. पूर्वी ही पिंपे लाकडी असत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची असतात. खोल पाण्यात उंच खुंट उभा करणे अवघड आणि खर्चाचे, त्यामुळे तिथे सूसच सोयीची.

या पद्धतीत गुंत्याचा खरा धोका पाणी फिरताना असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण सव्वासहा तासांनी पाण्याची दिशा बदलते. भरतीचे पाणी ढोबळमानाने उत्तरेकडे ओढते, ओहोटीचे दक्षिणेकडे. मधल्या थोड्या वेळात पाणी थांबते, ताणलेले जाळे सैल पडते आणि लांब पिशवी स्वतःच्याच दोरांवर येऊन बसू शकते. म्हणून पाणी फिरण्याच्या सुमारास होडी कवीवर हजर असावी लागते. खोला वर घेऊन मासळी काढायची, जाळे मोकळे करायचे, आणि पुन्हा बांधायचे तर नव्या ओढीकडे तोंड करून, हे काम घड्याळ नसतानाही वेळेवर होत असे, कारण तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, डोक्यात तिथीचा हिशेब पक्का असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, म्हणून डोलीचे दिवस ते. अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मंदावते, जाळे नीट फुगत नाही, आणि ते दिवस जाळी सुकवण्याचे व सांधण्याचे.

रांगेतली जाळी शेजारी-शेजारी, प्रवाहाला आडवी बांधतात. फुगलेली पिशवी डावी-उजवीकडे झुलते, म्हणून दोन जाळ्यांमध्ये तेवढी जागा सोडावी लागते. एका रांगेमागे दुसरी रांग घालायची तर अंतर जाळ्याच्या लांबीहून बरेच जास्त हवे. इथे गुंत्याचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न एकमेकांत मिसळतात: जी रांग ओढीच्या वाटेत आधी येते, तिला मासळी आधी मिळते, मागच्या रांगेच्या वाट्याला उरलेली. म्हणून कवीची जागा घराण्याच्या आणि गावाच्या वहिवाटीने ठरत आली, आणि तंटा गावाच्या पंचांपुढे जात असे. जागा ओळखायची खूण किनाऱ्यावर असे. महालक्ष्मीचा सुळका किंवा तुंगारेश्वरचा डोंगर दूरवरून दिसतो. अशी एक लांबची खूण आणि किनाऱ्यावरची एक जवळची खूण एका रेषेत आणायची, तशीच दुसरी रेषा दुसऱ्या दिशेला धरायची, की पाण्यावरची जागा सापडते. खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, मोजायची. मुंबई इलाख्यातील समुद्री मासेमारीवर एच. टी. सॉर्ली यांचा सविस्तर ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. त्या काळात हा सारा व्यवहार शिडाच्या होड्यांवर आणि सुती, तागी दोरांवर चालत होता.

चालत्या होडीमागे अनेक दोऱ्या ओढून सुरमई किंवा कुप्पा धरायचा तर गुंता वेगळ्या तऱ्हेने होतो. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूच्या दोऱ्या ढिल्या पडून बाहेरच्यांवर चढतात. त्यावर उपाय साधे आहेत: दोऱ्यांची लांबी वेगवेगळी ठेवणे, जड शिसे लावून काही दोऱ्या खोल पाठवणे, बाजूला आडवे बांबू काढून दोऱ्यांत अंतर राखणे आणि वळण मोठे घेणे. अमेरिकेत 1930 च्या दशकात हौशी मच्छीमारांच्या होड्यांना असे लांब आडवे दांडे बसू लागले. अनेक गळ लावलेल्या लांब दोरीतही हाच विचार दिसतो. मुख्य दोरीवरच्या दोन उपदोऱ्यांमधले अंतर त्यांच्या एकत्रित लांबीहून जास्त ठेवतात, म्हणजे शेजारचे गळ एकमेकांना गाठू शकत नाहीत. आणि दोरी टोपलीत वेटोळी घालून गळ काठावर ओळीने अडकवतात, म्हणजे ती सोडताना उलगडत जाते. जागा, खोली आणि क्रम या तीन गोष्टी सांभाळल्या की बहुतेक गुंते होतच नाहीत. कवीची रीतही याच तिन्हींवर उभी आहे.

पालघरजवळच्या सातपाटीसारख्या गावांचा धंदा मात्र वाहत्या जाळ्याचा. पापलेटसाठी पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे हे जाळे वर तरंगांवर आणि खाली वजनांवर तोललेले असते. ते कशालाही बांधलेले नसते, पाण्याबरोबर वाहत जाते. वाटेत खुंट किंवा सुसाचा दोर आला की जाळे त्याला वेढा घालते आणि सोडवताना फाटते. जोवर कवी किनाऱ्याजवळ आणि वाहती जाळी त्यांच्या बाहेर होती, तोवर दोन्ही धंदे आपापल्या पाण्यात चालले. 1950 च्या दशकापासून होड्यांना इंजिने बसू लागली, पुढे नायलॉन आले, आणि ही विभागणी मोडली. कुजत नाही असा दोर आणि वाऱ्याची वाट न पाहणारी होडी मिळाल्यावर कवी खोल समुद्रात आणि गावापासून दूर मारता येऊ लागल्या. वसई, अर्नाळा, उत्तन भागातल्या कवी डहाणू-पालघरसमोरच्या पाण्यात गेल्या, आणि तिथल्या वाहत्या जाळ्यांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. तो अनेक वर्षे धुमसतो आहे. बैठका होतात आणि हंगाम आला की वाद पुन्हा उठतो. दोन्हीकडे कष्टकरी मच्छीमारच आहेत, हे या वादाचे सर्वांत दुःखद अंग.

बाहेरून आलेल्या गोष्टींनी गुंता वाढवला. मुंबई सरकारने 1921-22 साली ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने प्रयोग केले होते. ते टिकले नाहीत. पण पुढच्या काळात यांत्रिक ट्रॉलर मोठ्या संख्येने आले, आणि तळ खरवडत जाणारे त्यांचे जाळे वाटेतल्या डोली व वाहती जाळी तोडून नेऊ लागले. 1974 साली मुंबई हाय येथे तेल सापडले. तेलाच्या शोधात निघणारी सर्वेक्षण जहाजे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल मागे ओढतात, आणि त्यांच्या मार्गातली जाळी मच्छीमारांना काढून घ्यावी लागतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. मात्र राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत चालतो, आणि कवी त्याहून बाहेरही गेल्या आहेत.

वहिवाटीची जुनी व्यवस्था एका गावापुरती उत्तम होती. गावागावांतल्या पाण्याच्या वाटणीसाठी तशीच पक्की व्यवस्था उभी राहिली नाही, हे तिचे अपुरेपण. आज बहुतेक तांडेलांजवळ जीपीएस आहे आणि कवीची नेमकी जागा आकड्यांत सांगता येते. सर्व कवींची जागा, खोली आणि हंगाम यांची एकच जाहीर नोंद दोन्ही बाजूंच्या संस्थांनी व मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून करावी. वाहत्या जाळ्यांची वाट तिच्या आधारेच ठरू शकेल.