शिकलेल्या स्त्रिया देहविक्रीत का येतात? पदवी, पगार आणि कायदा

पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत एखादी पदवीधर तरुणी असली, की कमेंटमध्ये हमखास विचारलं जातं, 'शिकलेली असूनही?' 'चैनीसाठी' हे उत्तरही तयारच असतं. पण शिक्षण झालं म्हणजे पुरेशी कमाई आलीच, असं नाही.

कारणं काय?

नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड, काटोलचं उदाहरण घ्या. हा संत्र्याचा पट्टा, इथलं शेतीतलं काम हंगामी. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलीला पदवीच्या तोडीची नोकरी हवी असेल, तर बहुधा नागपूर गाठावं लागतं. अशा शहरात दुकानात किंवा खासगी ऑफिसात मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे भागवायचे असतात. त्यात घरातलं आजारपण, डोक्यावर कर्ज, किंवा नवऱ्याने सोडलेलं आणि पदरी मूल असेल, तर हिशोब कोलमडतो. काहींना नोकरीचं, मॉडेलिंगचं किंवा लग्नाचं आमिष दाखवून फसवलं जातं.

पुण्याच्या रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी १४ राज्यांतल्या सुमारे ३,००० स्त्रियांचं सर्वेक्षण केलं होतं. त्यातल्या जवळपास निम्म्या कधी शाळेतच गेलेल्या नव्हत्या. म्हणजे शिकलेल्या स्त्रिया या व्यवसायात बहुसंख्य नाहीत. मात्र अनेकींनी आधी मोलमजुरी, घरकाम अशी दुसरी कामं केली होती आणि त्यात पैसे फारच कमी मिळत होते. पदवीधर स्त्रीची अडचणही बऱ्याचदा हीच असते.

परिणाम काय होतात?

नागपूरच्या गंगा-जमुनासारख्या वस्तीत निदान सोबतिणी असतात, आरोग्य तपासणी करणाऱ्या संस्था तिथे पोहोचतात. सांगलीत तर 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही या स्त्रियांची स्वतःची संघटना आहे. फोनवरून काम करणारी शिकलेली स्त्री मात्र एकटी असते. घरी एक आणि बाहेर दुसरं, असं आयुष्य जगताना सतत उघडं पडण्याची भीती असते. फोटो-व्हिडिओच्या धाकाने पैसे उकळले, मारहाण झाली, तरी ती तक्रार करत नाही. पुढे दुसरी नोकरी शोधताना मधल्या वर्षांचं काय सांगायचं, हाही प्रश्न उरतो.

सरकारी मदतही तिला सहज मिळत नाही. करोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा द्यायला सांगितलं. त्यांची ओळख पटवायची होती एड्स नियंत्रण संघटना आणि विधी सेवा प्राधिकरणांनी. नाव लपवून जगणारी स्त्री अशा यादीत येणार कशी?

कायदा काय सांगतो?

१९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्यानुसार कुंटणखाना चालवणं, दलाली, सज्ञान व्यक्तीने दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधणं हे गुन्हे आहेत. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्री करणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगत तीन तरुणींना सुधारगृहातून सोडण्याचा आदेश दिला.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट निर्देश दिले. छाप्यात अशा स्त्रीला अटक करू नये किंवा त्रास देऊ नये, केवळ या व्यवसायामुळे तिचं मूल तिच्यापासून तोडू नये आणि माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये.

मदत कुठे मिळेल?

महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००.

छाप्याचा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवू नका. त्यातली स्त्री फसवून आणलेली असो वा स्वतःहून आलेली, चेहरा एकदा पसरला की तिचे परतीचे रस्ते बंद होतात.