गाडी किल्ली ओळखत नसेल तर...

पावसाळ्यात रविवारी पुण्याहून भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांकडे जाणाऱ्या मोटारींची संख्या वाढते. राजगडासाठी गुंजवणे किंवा पाली, तोरण्यासाठी वेल्हे, रोहिड्यासाठी बाजारवाडी अशा पायथ्याच्या गावांत गाडी लावून मंडळी गड चढतात. सायंकाळी भिजून परतल्यावर इंजिन सुरू होऊन क्षणार्धात बंद पडले, की बॅटरी उतरल्याचा समज होतो आणि गाडी ढकलण्याचा खटाटोप सुरू होतो. मात्र दोष इमोबिलायझरचा असल्यास कितीही हात लागले तरी गाडी सुरू होत नाही.

यंत्रणा कशी चालते?

किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत ट्रान्सपॉन्डर नावाची लहानशी चिप असते. किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या गाड्यांत या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते. तो क्रमांक गाडीच्या संगणकातील नोंदीशी जुळला, तरच इंजिन चालू राहू दिले जाते. चोरी रोखण्यासाठी जर्मनीत १९९८पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. भारतात मारुतीच्या गाड्यांत ती 'आय-कॅट्स' या नावाने परिचित झाली. बाजारात घासून घेतलेल्या साध्या किल्लीने दार उघडते, पण गाडी सुरू होत नाही, याचे कारण हेच.

दोष नेमका कोणता?

प्रथम डॅशबोर्डकडे पाहावे. किल्ली फिरवताच दिवे मंदावले आणि स्टार्टरचा केवळ 'टक्‌टक्' आवाज आला, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. दिवे प्रखर आहेत, स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही किंवा एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि किल्लीचे अथवा कुलपाचे चिन्ह असलेला दिवा लुकलुकत राहतो, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही, असे समजावे. काही गाड्यांत अशा वेळी स्टार्टरच फिरत नाही. बॅटरी अगदी क्षीण असली तरीही ओळख पटण्यात अडथळा येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

जागेवर करावयाचे उपाय

किल्ली बंद स्थितीत आणून बाहेर काढावी व मिनिटभर थांबावे. जुडग्यातील इतर किल्ल्या, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिप असलेली किल्ली आणि धातूचे लोलक वेगळे करावेत. मोबाइलही दूर ठेवावा. त्यानंतर पुन्हा प्रयत्न करावा. किल्ली ओढ्यात किंवा पावसात भिजली असल्यास मूठ उघडून सेल काढावा व कोरड्या फडक्याने पुसावे. ती इंजिनावर किंवा ज्योतीवर तापवू नये.

बटनाने सुरू होणाऱ्या गाड्यांत रिमोटमधील सेल संपला, तर गाडीला किल्ली जवळ असल्याचे कळत नाही. बऱ्याच रिमोटमध्ये दडवलेली धातूची पाती असते. तिने दार उघडावे आणि रिमोट स्टार्ट बटनाला टेकवून ब्रेक दाबून बटन दाबावे. काही गाड्यांत रिमोट ठेवण्याची जागा निराळी असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अनेक रिमोटना सीआर २०३२ हा सेल लागतो.

दुसऱ्या किल्लीची कसोटी

निदानाचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरी किल्ली. तिने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. दोन्ही किल्ल्या निष्फळ ठरल्या, तर फ्यूज, वेटोळे, वायरिंग किंवा संगणक यांपैकी कशात तरी बिघाड असावा. तो रस्त्यावर दुरुस्त होण्याजोगा नसतो. वायर तोडून यंत्रणा वगळण्याच्या फंदात पडू नये. त्याने खर्च वाढतो आणि चोराची वाट मोकळी होते. अशा वेळी विमा कंपनीच्या किंवा उत्पादकाच्या मदतसेवेला कळवून गाडी वाहून न्यावी लागते.

निघण्यापूर्वी

डोंगराआड मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे मदतसेवेचा क्रमांक व पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. दुसरी किल्ली घरच्या कपाटात न ठेवता बरोबरच्या व्यक्तीकडे द्यावी. मात्र दोन्ही एकाच जुडग्यात नसाव्यात आणि ती गाडीतही ठेवू नये. गड चढताना किल्ली घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी.

एकच किल्ली उरली असेल, तर दुसरी आधीच करून घ्यावी. त्यासाठी अधिकृत सेवा केंद्रात नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र व गाडीसोबत मिळालेला किल्लीचा क्रमांक न्यावा. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात. म्हणून हरवलेल्या किल्लीची पोलिसांकडे नोंद करणे हिताचे असते. गडाच्या पायथ्याशी अडकण्यापेक्षा हा खर्च शहरातच केलेला बरा.