काटकसर, कर्ज आणि दख्खनचे मुस्लिम कुटुंब

मुस्लिम समाजाच्या कर्जबाजारीपणाची चर्चा निघाली की दोष बहुधा घरखर्चाला दिला जातो. लग्न, छठी, अकीका, चेहलम, सणासुदीचे कपडे, पाहुणचार. ऐपत नसताना हात सैल सोडायचा आणि मग सावकाराचा उंबरठा झिजवायचा, असे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुधारकांनी, वाइजांनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी सारख्याच तळमळीने रंगविले आहे. हा आरोप निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण घरखर्च कमी करून कर्ज कधी फिटले आणि कधी फिटले नाही, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा विचारला गेलेला नाही. दख्खनपुरते पाहिले तर असे दिसते की, घरात वाचलेला रुपया कर्जाच्या मुद्दलापर्यंत पोहोचण्यासाठी घराबाहेर दोन गोष्टींची गरज होती. हिशेब कर्जदाराला दिसला पाहिजे आणि व्याजाची वाढ कुठेतरी थांबली पाहिजे. या दोन्ही जेथे नव्हत्या तेथे काटकसरीने फक्त पोटे मारली गेली.

कुरआनने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे (१७:२६-२७) आणि खर्चात उधळेपणा व कंजुषी यांमधला मार्ग सांगितला आहे (२५:६७). त्याचबरोबर कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे (२:२८२), अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा आदेश आहे (२:२८०), आणि जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची त्यांत कर्जदाराचा स्पष्ट उल्लेख आहे (९:६०). म्हणजे कर्जाची जबाबदारी एकट्या कर्जदाराच्या घरावर टाकलेली नाही. सुधारकांच्या लिखाणात पहिली बाजू ठळक राहिली आणि दुसरी मागे पडली, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढील इतिहास पाहावा लागतो.

दख्खनच्या मुस्लिम घरातील खर्च कसा होता याचे सर्वांत तपशीलवार वर्णन ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात मिळते. दख्खनचे रहिवासी जाफर शरीफ यांनी ते लिहिले आणि मद्रास सेवेतील डॉक्टर हरक्लॉट्स यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे विधी त्यात क्रमाने आले आहेत. लग्नात हळद, साचक, मेहंदी, रात्रीची वरात म्हणजे शबगश्त, आणि लग्न झाल्यावरही पुढच्या शुक्रवारांना होणाऱ्या जुमागीच्या मेजवान्या. यातील कितीतरी रीती शेजारच्या हिंदू घरांतूनही त्याच किंवा थोड्या वेगळ्या रूपात चालत. निकाहसाठी शरीयतीने मागितलेल्या गोष्टी मात्र थोड्या होत्या : उभयतांची संमती, साक्षीदार आणि महर. ऐपतीप्रमाणे वलीमा ही सुन्नत. बाकीचा खर्च रिवाजाचा होता. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. महर हेही पतीवरचे कर्जच. परंतु वाजंत्री आणि जेवणावळीसाठी सावकाराकडून रोख काढणारी कित्येक कुटुंबे महर मात्र ‘उधार’ ठेवीत, आणि कित्येकदा तो मृत्युशय्येवर माफ करून घेतला जाई.

आता कर्जाकडे वळू. १८५५ च्या कायद्याने कंपनी सरकारने व्याजदरावरील मर्यादा काढून टाकली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे ग्राह्य राहील असे ठरविले. हेतू व्याज फार साचू नये हा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार खत पालटून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, नवा रोखा लिहायचा आणि त्या एकूण रकमेवर पुन्हा व्याज चालू करायचे. दरमहा शेकडा दोन हा दर धरला तर शंभर रुपयांचे तीन वर्षांत एकशे बहात्तर, सहा वर्षांत सुमारे दोनशे शहाण्णव आणि नऊ वर्षांत पाचशेच्या वर होतात. अशा घराने पानसुपारी सोडून, सणाचे कपडे टाळून, दिव्याचे तेल वाचवून महिन्याला एक रुपया बाजूला काढला, तरी त्या महिन्याचे निम्मेच व्याज भागते. मुद्दलाला हातही लागत नाही.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल करून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, पतपुरवठा आटला. त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात रयतेने सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेऊन जाळले. लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरले. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले.

याच आयोगाने लग्नखर्चाविषयी काढलेला निष्कर्ष या विषयात फार महत्त्वाचा आहे आणि तो जेवढा सांगितला जायला हवा तेवढा सांगितला जात नाही. रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नसमारंभांना वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे मत पडले. ऐपतीच्या मानाने हा खर्च मोठा असे, हे त्याने नाकारले नाही. परंतु असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांवर वाटून पाहिले तर ती रक्कम अवाजवी ठरत नाही. त्या खर्चासाठी घेतलेले कर्ज ज्या अटींवर वाढत जाते त्या अटी घातक, असा त्या विवेचनाचा रोख होता. दख्खनच्या खेड्यांत मुस्लिम कुळे संख्येने थोडी होती. पण खत पालटण्याची रीत कर्जदाराचा धर्म पाहत नव्हती.

एका बाबतीत मात्र धर्म पाहिला जाई. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुप्पटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. हा नियम हिंदू कर्जदारालाच लागू होतो, मुस्लिम कर्जदाराला त्याचा आधार घेता येत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी घेतली. ज्याच्या धर्माने व्याजच निषिद्ध मानले त्याला व्याजाच्या मर्यादेचे संरक्षणही मिळाले नाही, असा हा विचित्र परिणाम. शरीयतीचा व्याजबंदीचा नियम न्यायालयात चालत नव्हता आणि धर्मशास्त्राचा मर्यादेचा नियम मिळत नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासून हिशेब काढण्याचा अधिकार मिळाला, आणि सावकारावर पावती व खात्याचा उतारा देण्याचे बंधन आले. प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना आणि पुढे इतर जिल्ह्यांनाही तो लागू झाला. पण तो शेतकऱ्यांसाठी होता. मालेगाव, भिवंडी किंवा बुऱ्हाणपूरच्या मोमीन विणकराला त्याचा लाभ नव्हता. सूत उधार घ्यायचे आणि कापड त्याच व्यापाऱ्याला द्यायचे अशी त्याची बांधणी. त्याच्या घरात घरखर्च कोणता आणि धंद्याचा खर्च कोणता हेच वेगळे काढता येत नसे.

हिशेब दिसणे किती मोलाचे, हे त्या काळी एका कादंबरीने सर्वांत चांगले सांगितले. डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सरकारने तिला हजार रुपयांचे बक्षीस दिले. तिच्यातील धाकटी सून असगरी सासरी येते तेव्हा घर दुकानदारांच्या उधारीत बुडालेले असते. ती जेवणाचे पदार्थ कमी करत बसत नाही. प्रत्येक दुकानदाराचे येणे आणि घरात प्रत्यक्ष आलेला माल यांचा मेळ घातला जातो, आणि जुनी मोलकरीण मामा अजमत हिची लबाडी उघडी पडते. कर्जाचे मोठे कारण खर्च नसून न पाहिलेला हिशेब होता. लेखक पुढे सालारजंगांच्या काळात हैदराबाद संस्थानात महसूल खात्यावर नोकरीला होते. ही कादंबरी मुलींच्या हाती द्यायचे पुस्तक म्हणून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. तिच्यातील शिष्टाचार लक्षात राहिले, हिशेब मात्र मागे पडला असे वाटते.

मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३) यांच्या ‘इस्लाह-उर-रुसूम’ आणि ‘बहिश्ती जेवर’ या ग्रंथांनी रिवाजी खर्चावर अधिक कडक टीका केली. त्यांचा दृष्टिकोन मुख्यतः धार्मिक होता. नाव मिळविण्यासाठी केलेला खर्च त्यांना गुनाह वाटे, मग तो कर्ज काढून केलेला असो वा नसो. या सुधारणेचा भार मात्र बहुतेक स्त्रियांवर पडला, कारण रीती त्यांच्या हातात होत्या. दुसरीकडे घरातील बचतही त्यांच्याच हातात होती, याची दखल सुधारकांनी कमी घेतली. मुठीमुठीने बाजूला काढलेले धान्य, कोंबड्या-शेळ्यांचे पैसे, आणि शेजारणींची भिशी. पाळीपाळीने किंवा चिठ्ठी टाकून सगळी रक्कम एकीला देण्याची भिशी बिनव्याजी असते, म्हणून तिला धार्मिक आक्षेप नाही. बोली लावून, कमी रकमेत उचलण्याची भिशी आली की व्याजाचा प्रश्न येतो आणि उलेमा ती नापसंत करतात. शिवाय दागिने. बांगड्या आणि सर हे शोभेइतकेच अडीनडीचे साधन होते, आणि सावकाराकडे गहाण जाणारी पहिली वस्तूही तीच. व्याज चढत जाऊन दागिना बुडाला की त्या घराची अनेक वर्षांची काटकसर एका दिवसात नाहीशी होई.

व्याज थांबविण्याचा संघटित प्रयत्न हैदराबादेत झाला. शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बिनव्याजी कर्ज देणारी मंडळे दिसतात, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी खात्यांतील नोकरदारांनी आपापसांत अशा संस्था काढल्या. उस्मानिया विद्यापीठाचे विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (१९०८-२००२) यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांचा आढावा घेतला आहे. त्याच विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी व्याजाच्या सिद्धान्तावर लिहीत होते आणि मौलाना मनाजिर अहसन गिलानी ‘इस्लामी मआशियात’वर काम करीत होते. या संस्थांची रीत साधी होती. सभासदाने दरमहा लहानशी वर्गणी भरायची. ती त्याच्याच नावावर जमा राहते. जमलेल्या रकमेतून पाळीने कर्ज मिळते आणि हप्त्यांनी फेडले जाते.

या रीतीचे सामर्थ्य आकड्यांत दिसते. सावकाराचे शंभर रुपये, दर महिन्याला शेकडा दोन. एखादा कारकून घरखर्चातून महिना दोन रुपयेच वाचवू शकतो. सावकाराकडे ते दोन रुपये व्याजात जातात आणि वीस वर्षांनीही शंभर रुपये तसेच उभे राहतात. तेच शंभर रुपये मंडळाकडून घेऊन सावकार मोकळा केला, तर दोन रुपयांच्याच हप्त्याने पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांत कर्ज संपते. घर तेच, काटकसरही तेवढीच.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई आणि १९४९ मधील जहागीर निर्मूलन यांनंतर हैदराबादच्या मुस्लिम कुटुंबांची परिस्थिती पालटली. जहागिरींवर आणि त्यांच्या आश्रयाने चाललेल्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न थांबले. त्यांच्या काटकसरीला सुधारकांच्या उपदेशाची गरज उरली नव्हती. भांडी, सामान आणि दागिने विकले गेले. हमीदुल्लाह स्वतः त्यानंतर पॅरिसला राहिले. अशा शहरात १९६६ मध्ये तूर बैतुलमाल ही संस्था सुरू झाली. दागिना ठेवून बिनव्याजी रक्कम देणे आणि रक्कम फेडल्यावर तोच दागिना परत करणे, हे तिचे मुख्य काम. उत्तरेत १९६१ मध्ये देवबंदला मुस्लिम फंड स्थापन झाला होता. त्याचीही घडण याच प्रकारची होती.

या सर्व संस्थांपुढे एक अडचण सारखीच आली. कारकुनाचा पगार, तिजोरी, जागेचे भाडे यांचा खर्च कोणी द्यायचा? काहींनी अर्जाच्या छापील नमुन्याची किंमत आकारली, काहींनी सेवाशुल्क. कर्जाची रक्कम वाढली की अर्जाची किंमतही वाढू लागली, तेव्हा हेच दुसऱ्या नावाने घेतलेले व्याज नव्हे काय, असा प्रश्न उलेमांनी उपस्थित केला. प्रत्यक्ष झालेल्या खर्चापेक्षा एक पैसाही जास्त घेऊ नये, असे मत अनेक फतव्यांत व्यक्त झाले. लहान संस्थांना मात्र तो प्रत्यक्ष खर्च दर कर्जामागे किती पडतो, हे मांडून दाखविणे जड गेले आणि वाद तेथेच अडून राहिला.