बाळंतपणाचा खर्च कोणी सोसायचा?



विषय बायकांचा आणि बोलणारा पुरुष. तोही डॉक्टर नव्हे, वकील नव्हे, सातवीनंतर शाळा सोडून कारखान्याच्या फाटकावर शिकलेला. तेव्हा काहींच्या मनात शंका आली असेल. परंतु युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या माणसापुढे बाळंतपणाचा विषय पगार-बोनसाइतकाच वारंवार येतो. दाखला कोणी द्यायचा, दिवस किती भरले, पैसे मालकाने द्यायचे की विम्याने, या भांडणांतून मी तो शिकलो आणि मग जुने कायदे व अहवाल वाचत मागे मागे गेलो. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. विम्याचा पैसा ज्या कामासाठी मिळतो त्या कामासाठी बाई दवाखान्याची पायरी चढते. ज्यासाठी मिळत नाही ते दुखणे ती अंगावर काढते. आणि तो पैसा कोणाच्या खिशातून येतो, यावर तिची नोकरी टिकणे न टिकणे अवलंबून असते.

मुंबईपासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. बहुतेक जणी रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली, उक्त्या दराने राबणाऱ्या. पोटुशी बाई जमेल तोवर कामावर येई आणि बाळंत झाल्यावर जमेल तितक्या लवकर परत येई. मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी देऊन निजवीत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली गिरणीतील बायकांच्या प्रसूतीची चौकशी केली, तिच्यात या अफूचा उल्लेख आहे. आईला दोष देणे सोपे आहे. पण रोज बुडाला की चूल थंड, हे ज्या घराचे गणित, त्या घरात दुसरे काय होणार?

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मग १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आसवले यांचे विधेयक आले. त्यावर डॉ. आंबेडकरांनी जुलै महिन्यात जे भाषण केले ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलणे योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि सरकार उचलत नाही म्हणून मालकाने सुटावे, हेही त्यांना मान्य नव्हते. १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला असा हा पहिलाच. सात आठवडे, रोजी आठ आणे, आणि सगळा बोजा ज्या त्या मालकावर.

इथेच गोम होती. मालक हिशेबी माणूस. बाई ठेवली की खर्च, पुरुष ठेवला की खर्च नाही, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घसरत गेले. नवी वेगवान यंत्रे आली, बायकांना रात्रपाळी बंद होती, ही कारणे होतीच; सारे पाप या कायद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु या कायद्याने मालकाच्या हाती आणखी एक निमित्त दिले, यात मला शंका नाही. शिवाय आठ आणे मिळाले, डॉक्टर मिळाला नाही. बाई घरी निजू लागली, पण बाळंतपण चाळीतल्या सुईणीच्याच हाती राहिले.

या दोन्ही उणिवांवर तोड काढली ती प्रा. बी. पी. आडारकर यांनी. १९४३ मध्ये त्यांची नेमणूक झाली व १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल त्यांनी सादर केला. त्या वेळी मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते, हा योगायोग मला मोठा समाधानाचा वाटतो. या अहवालाच्या पायावर पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी योजना सुरू केली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

तिची खुबी साधी आहे. मालकाची वर्गणी ठरते एकूण पगारावर. कामावर बाई असो वा पुरुष, वर्गणी तीच. म्हणजे बाईला काढून मालकाचा एक पैसाही वाचत नाही. बाळंतपणाचा भत्ता, आरंभी बारा आठवड्यांचा, मालकाच्या तिजोरीतून न येता सर्वांच्या निधीतून येतो. आणि तो मिळवायचा तर विम्याच्या डॉक्टरकडून अपेक्षित तारखेचा दाखला आणावा लागतो. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. दाखल्यासाठी बाई एकदा दवाखान्यात गेली, की तिचे रक्त तपासले जाते, बाळाचे ठोके ऐकले जातात. ज्या घरात सासूने ‘आम्ही नाही का बाळंत झालो?’ असे म्हणून अडवले असते, तिथे ‘पैशाचा कागद आणायचाय’ म्हटल्यावर सासूही वाट सोडते. १९५८ नंतर कामगाराच्या कुटुंबालाही वैद्यकीय मदत लागू होऊ लागली आणि स्वतः नोकरी न करणाऱ्या बायकाही त्या रांगेत दिसू लागल्या.

पैसा जिकडे वळवावा तिकडे माणसे वळतात, याचा दुसरा पुरावा याच योजनेत आहे. १९७६ पासून नसबंदीसाठी पूर्ण मजुरीइतका भत्ता मिळू लागला : पुरुषाला ७ दिवस, बाईला १४ दिवस. साध्या आजाराला तेव्हा जवळपास निम्मी मजुरी मिळे. साल लक्षात घ्या. आणीबाणीचे ते वर्ष. विश्रांतीचा पूर्ण पगार देणे वाईट नव्हे, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण तापाने फणफणलेल्या बाईला निम्मी आणि शस्त्रक्रिया करून घेणारीला पूर्ण, या फरकातून सरकारच्या मनात काय होते ते उघड होते.

विम्याबाहेरच्या बायकांसाठी १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा झाला आणि पुन्हा सारा भार एकेका मालकावर गेला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी १२ चे २६ आठवडे झाले. आम्ही पेढे वाटले. विमा योजनेतही २६ आठवडे झाले. पण जिथे खर्च एकट्या मालकाचा, तिथे १९२९ चीच गोष्ट पुन्हा घडताना मी पाहतो. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी कंत्राटदार बायकांचे दिवस भरत आले की त्यांना नेमका ‘ब्रेक’ देई. विम्यासाठी ७० दिवसांची वर्गणी लागते, कायद्यासाठी ८० दिवसांचे काम. हे आकडे बायकांपेक्षा त्याला अधिक पाठ होते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ती आम्हा चळवळीतल्या लोकांना बोचणारी आहे. २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना निघाली. वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा इलाज, पण इस्पितळात दाखल झाले तरच. पांढऱ्या पाण्याचा त्रास, पाळीची कुरबुर यांवर बाहेरून औषध घ्यायचे तर पैसे पदरचे. गर्भपिशवी काढायची तर विम्याचे. २०१२ च्या सुमारास बिहार व छत्तीसगड येथे अशा अनावश्यक शस्त्रक्रियांचा मोठा गवगवा झाला. हे सगळे लबाड डॉक्टरांनीच केले म्हणावे, तर अहमदाबादच्या ‘सेवा’ या बायकांच्या युनियनचा अनुभव पाहा. तिने १९९२ मध्ये सभासदांसाठी विमा सुरू केला. हेतू निर्मळ, कारभार बायकांच्याच हाती. आणि तिथेही दाव्यांच्या मोठ्या कारणांत गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

पण विमाच नसेल तर बाई सुटते काय? आपल्या बीड जिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि कामाचा एक दिवस चुकला की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. पाळी आली, पोटात दुखले, तरी खाडा तो खाडाच. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली; म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभराचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. इथे विमा कंपनी नव्हती. कर्ज काढून, उचल घेऊन या बायकांनी पैसे भरले. कोणी कॅन्सरची भीती घातली, पण त्या भीतीच्या मागे खाड्याची भीती उभी होती. दुखण्याच्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही, म्हणून दुखण्याची जागाच कापून टाकली.

या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. त्याच्या निधीसाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने, असे ठरले. वर्गणी टनावर आहे, बाईच्या डोक्यावर नाही. आडारकरांच्या हिशेबाशी ही गोष्ट जुळते. कारखान्याला बाई टाळून काही वाचणार नाही. या निधीतून शिष्यवृत्त्या द्याव्यात, वसतिगृहे बांधावीत, माझी ना नाही. परंतु पहिला रुपया कशावर खर्च करावा असे मला कोणी विचारले, तर मी खाड्याच्या दिवसाच्या मजुरीवर म्हणेन, आणि दुसरा फडाजवळ येऊन नुसत्या गोळ्या-औषधांनी इलाज करणाऱ्या डॉक्टरणीवर.