केईएममधला योग आणि तुलनेचा गट

योगाने मनाचे आजार बरे होतात की नाही, या वादाचा महाराष्ट्रातला इतिहास शरीराच्या मोजमापापासून सुरू होतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी बडोद्याला उड्डियान आणि नौली या पोटाच्या यौगिक क्रियांची क्ष-किरण चित्रे घेतली, नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढले. प्रयोग कसा केला हे आकड्यांसह छापून ठेवण्याची ही शिस्त त्या काळी योगाच्या क्षेत्रात दुर्मीळ होती. उणीव एकच, पण मोठी: प्रयोग करणारे आणि तो छापायचा की नाही हे ठरवणारे एकाच घरचे होते.

बाहेरच्या तज्ज्ञाने तपासले की काय होते, हे हृदयाच्या प्रकरणात दिसले. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर भारतात आल्या. एक योगी हृदयाचे ठोके इच्छेने जवळजवळ थांबवतो, असे त्यांच्या नोंदींवरून वाटले आणि ती गोष्ट जगभर पसरली. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी असा दावा करणाऱ्या योग्यांना, ब्रॉस यांनी तपासलेल्या एकासह, पुन्हा यंत्राला जोडले. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागत नाही, ठोके कानाला ऐकू येत नाहीत. हृदयाचा आलेख मात्र चालूच राहतो. १९६१ साली हे ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आले. योगी फसवत नव्हते आणि ब्रॉसही खोटे बोलत नव्हत्या; मोजण्याचे साधन अपुरे होते.

मनोविकारांवरचा खरा प्रयोग परळच्या केईएम रुग्णालयात झाला. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या आठ अंगांतली पाच, म्हणजे आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान, घेऊन एक उपचार बसवला. दिनशॉ डुंगाजी आणि कैवल्यधामचे विनेकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९६६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’ने छापला. लोणावळ्याचे ज्ञान आता परक्या, योगाशी देणेघेणे नसलेल्या वाचकांसमोर गेले.

त्या वाचकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रुग्ण योगाने बरा झाला, की रोज कुणीतरी आस्थेने विचारपूस केली म्हणून? चिंतेचा विकार आपोआपही ओसरतो. डॉक्टरवरचा विश्वास हेही औषधच आहे. गोळीच्या बाबतीत हे निस्तरणे सोपे, कारण तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. योगाची साखरेची गोळी कशी करायची? वाहियांच्या चमूने याला दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. रुग्णांच्या एका गटाला पाचही पायऱ्यांचा पूर्ण उपचार दिला गेला. दुसऱ्या गटाकडून आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली आणि प्राणायामासारखा श्वासोच्छ्वास करून घेतला. धारणा-ध्यान मात्र शिकवले नाही. मनात येईल ते वहीत लिहा, एवढेच सांगितले. टेलरच्या चिंतामापन चाचणीवर पूर्ण उपचाराच्या गटातली घट जास्त भरली. हे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले.

भारतीय मनोविकारशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान त्याच्या निष्कर्षापेक्षा या दुसऱ्या गटामुळे मोठे आहे. आपल्याच परंपरेतल्या गोष्टीला हरण्याची पुरेपूर संधी देणे, हे धैर्याचे काम होते.

तरी प्रश्न मिटला नाही. शिकवणारा गुरू कोणता गट खरा हे जाणून असतो; त्याचा उत्साह रुग्णापर्यंत पोचतो. कंटाळून मधेच सोडणाऱ्यांची मोजदाद केली नाही, तर उरलेले सगळे सुधारलेलेच दिसतात. २००५ साली कर्कवुड आणि सहकाऱ्यांनी चिंतेवरील योगोपचाराचे आठ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत वाहियांचेही काम होते. निष्कर्ष उत्साहवर्धक, पण बहुतेक अभ्यासांची पद्धत कच्ची आणि रुग्णांचे आजार परस्परांहून इतके भिन्न, की योग चिंतेवर गुणकारी आहे असे म्हणता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. योग निरुपयोगी आहे, असेही त्यांनी म्हटले नाही.

छापलेले अभ्यास तपासण्याच्या या चाळणीतून आणखी एक गोष्ट निसटत होती: फसलेला प्रयोग मुळात कुणी छापायलाच पाठवत नाही, मग परीक्षक तो तपासणार कुठून? त्यावरचा उपाय म्हणून २००७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ सुरू झाली. पहिला रुग्ण घेण्याआधीच काय मोजणार आणि कशाशी तुलना करणार याची नोंद तिथे करायची असते, आणि ती कुणालाही पाहता येते.