जुनी चेनसॉ, ग्रास कटर, फवारणी पंप घेताय? झाडांची कामे करणाऱ्यांनी आधी हे तपासा

देवरूख : कलमांची छाटणी, बांडगूळ काढणे, कौलांवर आलेली फांदी उतरवणे, बागेची बेणणी, नारळ पाडणे ही कामे संगमेश्वर तालुक्यात वाडीवाडीत निघतात. ती करणारे हात मात्र कमी झालेत. त्यामुळे एक कोयता, एक करवत आणि एका मशीनवर सुरू केलेला धंदा वाढवायचा विचार बरेच जण करतात. नव्या मशीनला पैसे पुरत नाहीत, मग जुने शोधले जाते. जुन्यात वाईट काही नाही. फक्त काय जुने चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे आधी ठरवायला हवे. कारण इथे चूक झाली तर पैसे जातातच, पण झाडावर चढलेल्या गड्याचा जीवही जाऊ शकतो.

आधी काम मोजा, मग मशीन बघा

स्वस्त मिळतेय म्हणून मशीन घेऊ नका. गेल्या वर्षभरात मशीन नाही म्हणून कोणती कामे हातची गेली आणि किती दिवस मशीन भाड्याने आणले, ते वहीत मांडा. समजा, जुना ग्रास कटर ९,००० रुपयांना मिळतोय आणि दुरुस्तीला ३,००० धरले. भाडे दिवसाला ४०० रुपये असेल तर १२,००० रुपये वसूल व्हायला ३० दिवसांचे काम हवे. तेवढे काम दिसत नसेल तर भाडेच परवडते.

मोठ्या मशीनचा मोहही टाळा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड, दापोलीकडे मोठमोठी झाडे आडवी झाली. अशा वेळी मोठी चेनसॉ लागते हे खरे, पण वादळ दरवर्षी येत नाही. रोजच्या छाटणीला १६ ते १८ इंची पट्टीचे मशीन पुरते. ते हलके असल्याने गडीही कमी दमतो.

घेण्याची वेळही बघा. आगोटीच्या घाईत चेनसॉचा आणि बेणणीच्या तोंडावर ग्रास कटरचा भाव चढलेला असतो. फवारणी पंप आंबा संपल्यावर आणि ग्रास कटर बेणणी आटोपल्यावर बघावा. तेव्हा विकणाऱ्यालाही घाई असते आणि मिस्त्रीलाही सवड असते.

चेनसॉ : थंड मशीन चालू करून बघा

येण्याआधी मशीन चालू करू नका, असे विकणाऱ्याला सांगून ठेवा. सायलेन्सर गरम लागला तर मशीन थंड होईपर्यंत थांबा. गरम मशीन एका झटक्यात चालू होते, दुखणे थंडपणीच कळते.

दोरी ओढताना हाताला चांगला जोर लागला पाहिजे. दोरी सैल येत असेल तर कॉम्प्रेशन गेले समजा. मग सायलेन्सर खोलून आत पिस्टन बघा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर मशीन ऑइल कमी पडून जाम झालेले असते. असे मशीन फुकट मिळाले तरी महाग पडते.

पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता, हेही विचारा. एक लिटरला २० मिली किंवा ४० मिली, मशीन आणि ऑइल बघून कंपनीने जे प्रमाण दिले असेल ते उत्तर यायला हवे. 'अंदाजाने टाकतो' असे उत्तर आले तर पिस्टन बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

मशीन चालू झाल्यावर रेस सोडली की साखळी थांबली पाहिजे. साखळीचा ब्रेक पुढे ढकलताच ती जागच्या जागी थांबली पाहिजे. पट्टीचे टोक सुक्या पुठ्ठ्यावर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली तर तेलपंप चालू आहे. पट्टीची खोबण, साखळी फिरवणाऱ्या चक्राचे दात आणि हँडलचे रबर किती झिजलेत तेही बघा. साखळी, पट्टी, प्लग, फिल्टर हे खर्च भावात धरून चालतात. ब्रेक चालत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत ते मशीन कामावर न्यायचे नाही.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल धरते. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवलेल्या मशीनचा कार्ब्युरेटर चिकट होतो, आतला पडदा कडक होतो. मशीन चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर बऱ्याचदा हेच कारण असते. ही दुरुस्ती आवाक्यातली आहे, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

पार्ट कुठे मिळतात ते देवरूखच्याच मिस्त्रीला आधी विचारा. एका वॉशरसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले तर दिवसाची मजुरी गेली. नाव नसलेले स्वस्त मशीन इथेच फसवते.

ग्रास कटर आणि एचटीपी पंप

ग्रास कटरचे पाते रेस सोडल्यावर फिरत राहता कामा नये. दांडा वाकलेला नको. दहा मिनिटे चालवून खालच्या गिअरबॉक्सला आवाज येतो का, तो जास्त तापतो का ते बघा. आपल्याकडे कातळ आणि चिऱ्याचे तुकडे जागोजागी, त्यामुळे पात्याला तडा आहे का हे उजेडात धरून तपासा. पात्यावरचे गार्ड बरेच जण काढून टाकतात. ते नसेल तर नवीन बसवा. उडालेला खडा डोळा फोडतो.

फवारणीच्या एचटीपी पंपाला पाणी लावून दहा मिनिटे चालवा. प्रेशरचा काटा सारखा थरथरत असेल तर व्हॉल्व्ह किंवा सील गेलेत. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. टाकी आणि पाइपातून आधी कोणते औषध मारले, हे विचारायला विसरू नका. तणनाशक मारले असेल तर टाकी, पाइप, नोझल बदललेले बरे. उरलेला अंश कलमांच्या पालवीवर गेला तर भरपाई तुमच्या गळ्यात.

दोर, बेल्ट, हेल्मेट जुने नकोच

मशीन बंद पडले तर काम थांबते. दोर तुटला तर माणूस खाली येतो. ऊन, चीक, पेट्रोल आणि साखळीचा एखादा ओरखडा दोराला आतून कमजोर करतो, ते वरून दिसत नाही. पडण्याचा झटका बसलेला बेल्ट किंवा आपटलेले हेल्मेटही बाहेरून नव्यासारखेच दिसते. म्हणून या वस्तू नव्याच घ्या. बजेट करताना हे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसवा.

माडावर चढायचे यंत्र जुने घेतलेच तर वायर, वेल्डिंग आणि रबर तपासा. वायरची एक जरी तार तुटलेली असेल तर वायर बदला. नारळ काढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे, तिची चौकशी करा. जुनी ॲल्युमिनियमची शिडी स्वस्त मिळते, पण ती विजेच्या तारेजवळ नेऊ नका. तारेजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही.

कागदपत्रे आणि अनुदान

मूळ बिल मागा. बिल हरवले असेल तर मशीनचा नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या असलेली पावती करा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर खरवडलेला असेल तर तिथूनच मागे फिरा.

जुना पिकअप किंवा टेम्पो घेताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडीवर दंड थकला आहे का, तेही ऑनलाइन बघा.

महाडीबीटीवरचे अवजारांचे अनुदान नव्या यंत्राला आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतर केलेल्या खरेदीलाच मिळते. जुन्याला मिळत नाही. नावावर शेती असेल तर आधी कृषी कार्यालयात विचारा. अनुदान वजा जाता नव्याची किंमत जुन्याच्या जवळपास आली तर जुने घेण्यात अर्थ नाही.

मशीन आले की झाड तोडायची कामेही येतात. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती खासगी जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते. मालकाने परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय साखळी लावू नका.

शेवटचे एक. सगळे तपासून झाले तरी पूर्ण पैसे लगेच देऊ नका. थोडा विसार द्या, अर्धा दिवस जमिनीवर पडलेली लाकडे कापून बघा. मशीन तापल्यावर बंद होऊन पुन्हा चालू झाले तर बाकीचे पैसे द्या. याला जो विकणारा तयार नाही, त्याचे मशीन त्याच्याकडेच राहू द्यावे.