ख्रिस्ती साक्ष : वऱ्हाडातील परंपरा

येशू ख्रिस्तावरील आपली श्रद्धा रोजच्या वागण्याबोलण्यातून, शेजारधर्मातून आणि कोणी विचारले तर दिलेल्या उत्तरातून दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘साक्ष देणे’ म्हणतात. उपदेशकाचे प्रवचन किंवा मिशनने आखलेला प्रचार यांहून ती वेगळी आहे. शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी, गृहिणी, विद्यार्थी असा कोणीही साक्षीदार होऊ शकतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात शिष्यांना साक्षी होण्याची आज्ञा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेचे कारण सांगायला सदैव तयार असावे, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने सांगावे, अशी शिकवण आहे. सौम्यता आणि आदर ही अट पाळली तिथे साक्ष टिकली आणि ती सुटली तिथे संशय उरला, हे वऱ्हाडच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी : वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मिशनांचे काम १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. एलिचपूर (आजचे अचलपूर) आणि मेळघाटात कोरकू लोकांमध्ये काम सुरू झाले; १८९० पासून ते ‘कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’कडे होते. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन आणि अकोला-खामगावकडे अमेरिकेतील ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्था आल्या. अकोला हे अलायन्सच्या मराठी कामाचे प्रमुख ठाणे झाले आणि इथल्या मंडळीला लोक आजही ‘अलायन्स चर्च’ म्हणूनच ओळखतात. कॅथलिक पंथीयांसाठी १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत अनेक प्रांतांचे पाळक शिकून गेले. ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला हलली.

दुष्काळ आणि सेवा : १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले. पंडिता रमाबाईंनी पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला. अलायन्स मिशननेही अनाथ मुलामुलींचे संगोपन केले, त्यांना लिहायला-वाचायला आणि हातचे काम शिकवले. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात या अनाथालयांत झाली. पुढे अचलपूरजवळ कोठारा येथील कुष्ठरुग्णालय, यवतमाळ जिल्ह्यातील उमरीचे मिशन रुग्णालय आणि वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय यांतून सेवेची ही परंपरा वाढली. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णाच्या जखमा धुणारी परिचारिका ही साक्ष वऱ्हाडाला सर्वांत आधी समजली.

याच काळातून एक अवघड प्रश्नही पुढे आला. अन्नासाठी आश्रयाला आलेल्या मुलाने स्वीकारलेला धर्म कितपत त्याच्या स्वतःच्या निवडीचा? हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्त होता. मुलांचे जीव वाचवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण भुकेलेल्याला दिलेल्या भाकरीमागे कोणतीही अट असू नये, हे तत्त्वही तितकेच मोठे आहे. आजच्या मंडळ्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

संवादाचा नमुना : सहज भेटीतल्या साक्षीचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विदर्भाच्याच वाटेवरचे आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. कवितेपासून सुरू झालेले संभाषण धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावले आणि मोठ्या मानसिक संघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने वाद घातला नाही, टिळकांच्या धर्माची निंदा केली नाही, पुढचा निर्णय त्यांच्यावर सोपवला. लक्ष्मीबाई टिळकांनी तर पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे स्वतःच्या मनाशी झगडून १९०० मध्ये स्वतःचा निर्णय घेतला. जवळच्या माणसालाही त्याचा वेळ द्यावा लागतो, हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला उमगते.

भाषा आणि रूपे : परकी वाटणारी श्रद्धा मराठी घरात आली ती अभंग, ओवी आणि कीर्तनाच्या वाटेने. १८६० च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू केली. टाळ-मृदंगावर येशूचे आख्यान ऐकायला सर्व जातीधर्मांचे लोक बसत. टिळकांच्या पदांनी या परंपरेला उत्तम काव्याची जोड दिली. ही पदे वऱ्हाडातल्या मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायली जातात. घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या आणि शास्त्रवचने सांगणाऱ्या ‘बायबल बाया’ हा दुसरा दुवा. उंबरठ्याबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांपर्यंत त्याच पोहोचू शकत होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे इतिहासात आली नाहीत, ही या इतिहासाची मोठी उणीव आहे.

आजचे स्वरूप : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडी कमी होती. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या, घरे आणि दुकाने एकमेकांना लागून असलेल्या वस्तीत ख्रिस्ती कुटुंबाचे शेजारी बहुधा हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुसलमान असतात. अशा ठिकाणी साक्षीची साधने साधी असतात : दिवाळीच्या फराळाचे ताट आले की नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट परत जाणे, शेजारचे कोणी दवाखान्यात असेल तर रात्री सोबत बसणे, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे विचारून होकार मिळाल्यावरच प्रार्थना करणे. घरसभा, उपकारस्तुतीची सभा आणि नाताळची गाणी या निमित्तांनी शेजाऱ्यांना बोलावले जाते. दुकानदाराचे चोख माप आणि शिक्षकाने गरीब विद्यार्थ्याला दिलेला वेळ हीसुद्धा साक्षच समजली जाते.

यात अडचणीही आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे अनेकांना आपली श्रद्धा उघड सांगणे जड जाते. दुसरीकडे, साध्या प्रार्थनासभेकडेही धर्मांतराच्या संशयाने पाहिले जाण्याची भीती असते.

कायदा आणि मर्यादा : वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाळा, रुग्णालये आणि मदत यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा ठपका तिच्या १९५६ च्या अहवालाने ठेवला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी ठरवला. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ख्रिस्ती जगानेही स्वतःला हीच शिस्त घालून घेतली आहे. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी संयुक्त आचारतत्त्वे जाहीर केली. आमिष, फसवणूक आणि जबरदस्ती यांचा त्यांत स्पष्ट धिक्कार आहे.

मूल्यमापन : वऱ्हाडातील ख्रिस्ती साक्षीचे मोल बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवरून ठरत नाही. कुष्ठरोग्याला मिळालेला स्पर्श, स्त्रियांना मिळालेली अक्षरे, मराठी भक्तिगीतात पडलेली भर आणि वेगवेगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांत टिकलेला विश्वास हे तिचे खरे फलित आहे. श्रद्धा मोकळेपणाने सांगणाऱ्याने समोरच्याचा नकारही तितक्याच मोकळेपणाने स्वीकारला पाहिजे. ही कसोटी ख्रिस्ती साक्षीला लागू आहे आणि भारतातल्या प्रत्येक धर्माच्या प्रसारालाही.